करमाळ्याला, तारणाची चौकशी करायला

बुधवारी सकाळी आम्ही दोघांनी चादर पिळली. सोलापुरी चादर पाण्यातून काढली की रेडकाएवढी जड होते, ते एकट्या माणसाचं काम नाही. एक टोक सुगंधाकडं, एक माझ्याकडं. ती एकीकडं पीळ द्यायची, मी दुसरीकडं. "अवो, वर धरा की, लोळतीया खाली," ती म्हणाली. मी म्हणालो, "तुजंच टोक लोळतंय." पाणी निथळलं, चादर तारेवर टाकली, चहा झाला. गुरुवारी दुपारी तिच्या छातीत कळ आली. रिक्षात बसून दवाखान्यात गेली आणि परत आली ती निजून.

मी चादरीच्या कारखान्यात रंगखात्यात होतो. शाळा चौथीपर्यंत. लिहिण्यात चुकलं तर तेवढं सोडून पुढं वाचा. आळीतले लोक विचारतात, म्हातारा मधी कुठं गेला होता? एकेकाला सांगत बसलो तर दिवस पुरायचा नाही, म्हणून लिहून ठेवतो.

सुगंधा ख्रिस्ती होती, मी नाही. आम्ही धनगर, मूळचे सांगोल्याकडचे. लग्न झालं तेव्हा तीही बिरोबाचीच होती. मग एकदा ती लई आजारी पडली, मिशनच्या दवाखान्यात महिनाभर राहिली. तिथं बाया येऊन खाटेशी बसायच्या, गाणी म्हणायच्या. बरी होऊन घरी आली तरी गाणी सुटेनात. पुढं बऱ्याच वर्षांनी तिनं बाप्तिस्मा घेतला. माझे भाऊ ओरडले. मी म्हणालो, भाकरी थापती, कुणाला शिव्या देत न्हाय, मंग हात कुणाला जोडायचं ते तिचं ती बघंल. एवढ्यावर आमचा संसार झाला.

तिला त्यांच्या रीतीनं पुरलं. माती लोटून झाली, लोक पांगले, तेव्हा मी तिथल्या नव्या पाळकसाहेबांना, म्हणजे त्यांच्या पाद्रीसाहेबांना, गाठलं. मेल्यावर देवापाशी जागा मिळणं, त्याला ते लोक तारण म्हणतात. मी विचारलं, "साहेब, ती मला तितं भेटंल का?"

"आजोबा, ज्यांनी प्रभूवर विश्वास ठेवला त्यांची भेट होणारच."

"आन् मी?"

ते बुटाकडं बघत राहिले. माणूस वाईट नाही. म्हणाले, "तुम्हीपण ठेवा विश्वास. उशीर झालेला नाही."

मी महिनाभर लई खटपट केली. सकाळी उठून भिंतीकडं तोंड करून बसायचो. विश्वास आला का, बघायचो. ताप येतो तसा तो आपोआप येतो, की ओढून आणावा लागतो, हे कुणी सांगत नाही. आमच्या बिरोबानं हे कधी विचारलेलं नाही. जत्रेला या, भंडारा उधळा, निवद दाखवा, घरी जा. सत्यनारायण घालायला भटजी येतो, तो सुपारी आणली का म्हणून विचारतो, विश्वास आहे का म्हणून नाही. ह्या एका देवाला मात्र माणसाच्या आतलं बघायचं असतं.

शेवटी ठरवलं, जायचं. सुगंधाला बाप्तिस्मा देणारे अमोस पाळकसाहेब आता म्हातारे होऊन आपल्या गावी, करमाळ्याला राहतात. त्यांच्याकडून डोक्यावर पाणी घालून घ्यायचं. विचारतील विश्वास आहे का, आपण हो म्हणायचं. गावाकडं असताना बाजारात बैल विकले, तेव्हा कमी खोटं बोललोय का मी? पिशवीत टॉवेल, टोपी आणि नारळ घेतला. एवढं मोठं काम करून घ्यायचं तर आहेर नको?

करकंब, शुक्रवार

वाटेत सुगंधाची धाकटी बहीण कमळ राहते, करकंबला. तिला न भेटता पुढं गेलो असतो तर तिनं जन्मभर टोचलं असतं.

मोहोळच्या अलीकडं गाडीनं करकचून ब्रेक मारला आणि माझ्या पिशवीतला नारळ सुटला. सगळ्यांच्या पायांतून गडगडत थेट ड्रायव्हरजवळ. कंडक्टरनं तो उचलून वर धरला, "कुणाचा देव पळालाय, सांगा लवकर!" गाडीभर हसू. माझ्या शेजारी एक बाई बसली होती, मांडीवर कोंबडीची पाटी. ती म्हणाली, "बाबा, कुटल्या देवाला निगालाय?" मी म्हणालो, "अजून ठरायचं हाय." तिला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. तिनं कोंबडी जरा पलीकडं घेतली.

करकंबला उतरलो तर बाजार भरलेला. ह्या गावाची बाजार आमटी नावाजलेली. सगळ्या डाळी एकत्र, वर काळ्या मसाल्याचा तवंग, बघूनच नाक वाहायला लागतं. आमच्या सोलापुरात ताटात शेंगाची चटणी नसली तर जेवण झालं असं वाटत नाही, इथं चटणीला कुणी विचारत नाही. भाकरी कुस्करायची, वरून आमटी ओतायची, मान खाली घालून खायचं. कमळनं पातेलंच पुढ्यात ठेवलं. सुगंधाच्या हातची आमटी हिच्याइतकी तिखट नसायची. पण हिनं वाढताना मनगट वळवलं, अगदी तसंच. मी घास तोंडात धरून बसलो.

"काय दाजी, तिकाट झाली व्हय?"

"व्हय," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी यायला कारण मिळालं.

कशासाठी निघालोय हे सांगितलं तर कमळ भडकली. "आता ह्या वयात धरम बदलणार? लोकं शेण घालतील तोंडात."

"धरम न्हाय बदलायचा. तुज्या अक्काला गाठायचं हाय."

"मंग त्यात पाण्याचं काय काम? अक्कानं वडाला फेऱ्या मारल्यात तुमच्या नावानं. सात जन्म तुमीच हायसा तिला."

"नंतर सोडल्या की तिनं फेऱ्या. तिच्या धरमात पुन्यांदा जन्मच नसतो. एकदाच, आन् मंग तिकडं."

कमळनं बोटं मोडून हिशेब करायला सुरुवात केली. किती वर्षं फेऱ्या मारल्या, त्याचे किती जन्म पदरात पडले. मग हात झटकून म्हणाली, "जाऊ द्या. पर मी म्हणती, असला कसला तुमचा तो देव? नवरा-बायकूची ताटातूट करतोय. आपल्या म्हसोबाला बी एवढी अक्कल हाय."

"माझा न्हाय गं तो. तिचा."

"तिचा असंल तर तिला तरी इचारलं का त्यानं?"

मी भाकरी कुस्करली. तिनं परत आमटी वाढली. झोपायच्या आधी सुगंधाचं एक जुनं लुगडं काढून माझ्या उशाखाली ठेवलं. मी ते रात्रभर डोक्याखाली धरलं. तिचा वासबीस काही राहिला नव्हता, नुसता डांबराच्या गोळीचा वास.

करमाळा, शनिवार

टेंभुर्णीला गाडी बदलली. कंदरच्या बाजूला उजनीचं पाणी आल्यापासून सगळीकडं केळी. खिडकीतून बघितलं तर डोळ्याला गार वाटतं. पुढं पुढं हिरवं आटत गेलं आणि करमाळ्याजवळ परत आपलं ओळखीचं रान आलं. मुरमाड, उघडं. बाभळीखाली मेंढरं डोकी जोडून उभी. सुगंधा असती तर म्हणाली असती, बघा तुमची भाऊबंदं.

स्टँडवरून चालत निघालो. लांबून कमलाभवानीच्या दीपमाळा दिसल्या आणि सवयीनं हात जोडले गेले. जोडल्यावर आठवलं की उद्या आपण बाप्तिस्मा घेणार. हात तसेच ठेवावेत की काढावेत कळेना. रस्त्यात उभा राहिलो. मागून एक मोटरसायकलवाला ओरडला, "ओ आजोबा, एका बाजूला तरी व्हा!" तेवढंच तर जमत नव्हतं.

अमोस पाळकसाहेबांचं घर जुनं, माळवदाचं, वर मातीचं सपाट छप्पर. बाहेर शेवग्याचं झाड. साहेब बाजेवर बसून दाढी करत होते, हात कापत होता, म्हणून आरसा पाळकीणबाईंनी धरलेला. मी म्हणालो, "सलाम, साहेब." त्यांच्यात रामराम म्हणत नाहीत, एवढं सुगंधानं शिकवलं होतं. त्यांनी ओळखलं नाही. मी बिरप्पा, सुगंधाचा मालक, असं सांगितलं तर वस्तरा खाली ठेवला.

"गेली?"

"गेली."

अर्धी दाढी तशीच ठेवून त्यांनी डोळे मिटले. पाळकीणबाईंनी आरसा पालथा ठेवला.

मग मी पिशवी उघडली. साहेबांच्या डोक्यावर टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. पाळकीणबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. "अहो, हे काय? निवडणूक जिंकलेत का हे?"

"मला बाप्तिस्मा पायजे," मी म्हणालो. "उद्याच. तिला दिला तसा."

साहेबांच्या गालावर साबण, डोक्यावर टोपी. पण त्यांनी हसण्यावारी नेलं नाही. म्हणाले, "विश्वास ठेवता?"

मी हो म्हणायचं ठरवून आलो होतो. तोंड उघडलं, पण हो काही बाहेर येईना. म्हणालो, "आधी जेवू का? सकाळपासनं पोटात काय न्हाय."

चुलीपाशी बसलो. भाकरी, पिठलं, कच्चा कांदा. मी जेवणाला हात घातला तर पाळकीणबाई म्हणाल्या, "थांबा, उपकारस्तुती." जेवायच्या आधी ते लोक देवाचे आभार मानतात. सुगंधाही मानायची, मनातल्या मनात, ओठ हलवून. तोवर माझ्या दोन भाकरी व्हायच्या.

साहेब म्हणाले, "बिरप्पा, खरं सांगा. पाणी घालून काय होईल असं वाटतं तुम्हाला?"

"तिच्या गावाची गाडी मिळंल."

"आणि तिकीट?"

"त्यासाठीच तुमच्याकडं आलो की. इश्वास मला जमंना झालाय. तो नसला तर चालत न्हाय का? आमच्यात इधी केला की झालं."

साहेबांनी भाकरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "समजा, देवानं तुम्हाला न विचारता उचलून नेलं. तुम्हाला तो नको, तरी त्याच्या घरात ठेवलं. ह्याला काय म्हणाल? पळवून नेणं म्हणाल. तो माणसाचं होय-नाही ऐकतो, ह्यात त्याचा कडकपणा नाही, मान आहे तुमचा."

हे मला पटलं. पटल्याचा राग आला. म्हणालो, "साहेब, माझं लगीन झालं तवा सुगंधाला कुणी इचारलं हुतं? मला तिनं बघितलं पहिल्यांदा ते अंतरपाट सरकल्यावर. तिचा काय इश्वास माझ्यावर? मी चांगला का दारुडा, तिला काय म्हाईत? आधी घरात आली. इश्वास मागनं बसला, लई वर्सांनी. तुमच्या देवानं बी तसंच करावं. आधी घरात घ्यावं."

पाळकीणबाईंनी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "ऐका हो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "हे काही वेडं बोलत नाहीत." मग माझ्याकडं वळल्या. "शास्त्रात एक गोष्ट आहे. पांगळा माणूस खाटेवर. चौघं त्याला उचलून प्रभूकडं घेऊन आले. घरात गर्दी, दारातून वाट नाही. मग ते माळवदावर चढले, छप्पर उकरलं आणि खाट दोरानं आत सोडली. प्रभूनं त्या वाहून आणणाऱ्यांचा विश्वास बघितला आणि त्याला बरं केलं."

मी वर बघितलं. माळवदाला उजेडासाठी सवणं असतं तसं तिथंही होतं, त्यातून उन्हाचा पट्टा खाली आलेला. "सवण्यातनं माणूस जाईल, खाट न्हाय जायची," मी म्हणालो. "लई उकरावं लागलं असंल. घरवाल्यानं काय केलं मंग?"

"ते लिहिलेलं नाही."

"आन् पांगळ्याला कुणी इचारलं का, तुजा इश्वास हाय का?"

"तेही लिहिलेलं नाही," पाळकीणबाई म्हणाल्या.

साहेब म्हणाले, "चौघं होते ते."

"माझी एकच हुती," मी म्हणालो. पिठलं गार झालं.

दिवस कलायला लागला तेव्हा साहेब काठी घेऊन अंगणात आले. उरलेली दाढी तशीच होती, डोक्यावरची टोपीही. माझ्याशेजारी शेवग्याखाली बसले. म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. तुमच्या बायकोनं पाणी घ्यायला किती वर्षं लावली, माहीत आहे?"

"लावली की लई. मला वाटलं भावांच्या भ्यानं."

"भावांना ती भीत नव्हती. दर वेळी तयारी व्हायची, दिवस ठरायचा, आणि आदल्या दिवशी येऊन सांगायची, नको. एकदा मी चिडलो. म्हणालो, बाई, तुमचा प्रभूवर विश्वास नाही का? ती म्हणाली, हाय की. पर मी पाणी घेतलं आन् माझ्या मालकानं न्हाय घेतलं, तर मेल्यावर मी तितं आन् ते कुटं? तुम्ही आज मला विचारता तेच. तिनं आधी विचारलं होतं."

शेवग्याची पानं खाली पडत होती, ती गोळा करत बसलो.

"मंग तुमी काय सांगितलं?"

"काय सांगणार? तेव्हा मी तरुण होतो, सगळ्याची उत्तरं पाठ होती. पण ती समोर उभी राहून अशी बघत होती की पाठ केलेलं तोंडातून निघेना. म्हणालो, बाई, मला माहीत नाही. इतकं खरं मी मंडळीसमोर कधी बोललो नव्हतो. मला वाटलं, आता ही परत येत नाही. दुसऱ्या आठवड्यात आली. म्हणाली, द्या पाणी. मी ठरवलंय. आत जायचं न्हाय. दारात बसायचं. ते आले की देवाला म्हणायचं, हे माझ्यासंगट हायेत."

रस्त्यानं शेरडं घरी चालली होती. एक करडू मागं राहून ओरडत होतं, बाई थांबली, त्याला काखेत मारलं आणि गेली.

"मला कवा बोलली न्हाय," मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलंत?"

"न्हाय."

तिथं बसून मला तिची इतकी आठवण आली की हात मोकळे ठेवता येईनात. जवळ असती तर भांडलो असतो. एवढी वर्षं शेजारी झोपली, घोरली, पाय दुखतात म्हणून चेपून घेतले, आणि हे पोटात ठेवलं. आणि आता कुठं बसली असेल? आत सगळे गात असतील, तिला गाणी किती आवडायची. आणि ही बया बाहेर पायरीवर. माझ्या येण्याच्या वाटेकडं बघत.

"साहेब, दारात बसू देत असतील का तिला?"

ते काठीनं माती टोकरत राहिले. "मला अजूनही माहीत नाही, बिरप्पा. पण मी त्या जागी असतो, तर तिला उठवायला माझी छाती झाली नसती. आणि माझ्यापेक्षा तो दयाळू आहे, असा माझा विश्वास आहे." मग गुडघ्यावर हात टेकून उठले. "उद्या सकाळी उपासना आहे. पाण्याची वाटी भरून ठेवतो. काय म्हणायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

करमाळा, रविवार

सकाळी अंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो. त्यांचं देऊळ म्हणजे पत्र्याची एक लांब खोली, खाली सतरंज्या. मधून वाट. एका अंगाला बाया, एका अंगाला गडी. माणसं थोडीच. एकानं पेटी काढली, एकानं ढोलकी. गाणं सुरू झालं तर माझ्या ओळखीचं निघालं. सुगंधा भांडी घासताना म्हणायची ते. तिच्या चालीपेक्षा हे जरा भरभर म्हणत होते. तिला आवडलं नसतं.

मग साहेबांनी मला पुढं बोलावलं. टेबलावर काचेची वाटी, त्यात पाणी. आज त्यांनी दाढी पुरी केली होती, एका ठिकाणी कापलं होतं. त्यांनी मंडळीला सांगितलं, हे सोलापूरचे बिरप्पा, आपल्या सुगंधाबाईंचे मालक. मग माझ्याकडं वळून रीतीप्रमाणं विचारलं, "प्रभू येशूवर तुम्ही विश्वास ठेवता का?"

एक शब्द होता. रात्रभर मी तो घोटला होता. "व्हय" म्हटलं की काम झालं, संध्याकाळच्या गाडीनं घरी. पण मला ती पायरीवर बसलेली दिसली. मी खोटी ओळख दाखवून तिच्या अंगावरून आत जाणार, आणि ती माझ्या तोंडाकडं बघणार. मी खोटं बोललो की माझा डावा कान लाल होतो असं ती म्हणायची. तिला लगेच कळलं असतं.

"न्हाय," मी म्हणालो. पत्र्याखाली आवाज मोठा निघाला. "न्हाय ठेवत. बसंना झालाय माझ्यात. पर ती ठेवत हुती, आन् ती खोटं बोलणारी बाई न्हवती. माझा तिच्यावर हाय. तेवढाच हाय माझ्यापाशी."

ढोलकीवाल्यानं ढोलकीवरचा हात काढून घेतला. साहेबांनी वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाले, "एवढ्यावर मला पाणी घालता येत नाही, बिरप्पा. तसं केलं तर मी तुमच्याशी खोटं वागेन."

"बरोबर हाय," मी म्हणालो. "जातो मी."

"जाऊ कुठं नका. बसा. बसायला काही लागत नाही."

मी मागं वळलो. डोळ्यांपुढं धुकं. वाटेच्या ज्या अंगाला जागा दिसली तिकडं वळलो आणि बसलो. बसल्यावर लक्षात आलं की सगळीकडं लुगडी आणि बांगड्या, मी बायांच्या बाजूला आलोय. एक म्हातारी माझ्याकडं बघायला लागली. उठायला हवं होतं. उठलो नाही. थोडा भिंतीकडं सरकलो, शेजारी सतरंजीवर एका माणसाला बसता येईल एवढी जागा केली, तिथली धूळ तळहातानं पुसली. सगळ्यांनी प्रार्थनेला डोळे मिटले तेव्हा मीही मिटले.